वाद पाण्याच्या टाकीवरून नव्हता

आक्का, तुम्ही माझ्या नवऱ्याचा हात मोडलात त्या दिवशी मी तुमचे आभार मानले नाहीत. नंतर मानले, ते अशा भाषेत की तुम्हाला त्यातलं एक अक्षरही कळू नये. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. आता मराठीत लिहिते आहे, तर वाचायला सगळे आहेत, ऐकायला तुम्ही नाहीत.

गळा काढून लिहिणार नाही. “रडायचं आसंल तर भाईर जाऊन रड, म्हशी बिचकत्यात,” असं तुम्ही मला गोठ्यात एकदा सुनावलं होतं, ते लक्षात आहे.

कोथरूडच्या पुढे तुमचं गाव होतं. आता त्याचं नाव बसथांब्यावर तेवढं उरलंय. शेतं गेली, त्यावर सोसायट्या आल्या, आणि तुमच्या वाट्याला एक चार मजली इमारत आली. वरच्या मजल्यांवर आम्ही सगळे कंप्युटरवाले भाडेकरू. तळमजल्यावर तुम्ही एकट्या आणि मागच्या अंगाला पत्र्याच्या गोठ्यात दोन म्हशी. अमरावतीहून लग्न होऊन आलेली मी, आणि नितीन, आम्ही घर बघायला आलो तेव्हा तुम्ही त्याच्याशी बोललाच नाहीत. मला विचारलंत, “तू बी नोकरी करती का?” मी हो म्हटलं. “मग दोन किल्ल्या देते. तिसरी माझ्यापाशी ऱ्हाईल.” नितीन खाली उतरताना म्हणाला, “म्हातारी आगाऊ आहे.”

नितीन कसा मारायचा ते आज लिहिते, कारण लिहायचं होतं तेव्हा लिहिलं नाही. तो ओरडायचा नाही. आधी खिडक्या लावायचा, मग पंखा मोठा करायचा. दंड, पाठ, मांड्या. कपड्याच्या आत राहील एवढंच. मारून झालं की हात धुवायचा, साबण लावून. एकदा कपाळावर लागलं, तेव्हा मी ऑफिसात सांगितलं की कपाटाचं दार लागलं. सगळ्यांनी मान डोलावली. चांगल्या कंपन्यांतली माणसं फार सभ्य असतात, आक्का. विचारत नाहीत.

त्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात आईशी फोनवर बोलत होते. दूध ओतता ओतता पहिल्यांदाच सांगितलं, “आई, हा मला मारतो.” पलीकडून आई म्हणाली, “सांभायून घे, बाई. मनानं वाईट नाही तो.” तो मागेच उभा होता. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला, बंद केला, आणि त्या दिवशी खिडक्या लावायला थांबला नाही. केस धरून त्यानं माझं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात ओठातून आरपार गेला. तिसऱ्यांदा मला दिसलं की ओट्यावर सांडलेलं दूध गुलाबी होत चाललंय. आता हे पुसायचं कशानं, एवढंच माझ्या मनात आलं. दुसरं काहीही आलं नाही.

तेव्हा दारात तुमची किल्ली फिरली.

तुमच्या हातात शेण ओढायचं फावडं होतं. पदर कमरेला खोचलेला. नितीन वळून शांतपणे म्हणाला, “हे बघा, हा आमचा घरगुती प्रश्न आहे, तुम्ही…” पुढचं वाक्य झालंच नाही. फावड्याचा दांडा त्याच्या मनगटाच्या वर बसला. हाड मोडल्याचा आवाज कोरडा असतो असं मला वाटायचं. तसा नव्हता. जाड, ओला आवाज होता. तो खाली बसला. आपल्या हाताकडे असा बघायला लागला की जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे. तुम्ही फावडं पुन्हा उचललंत, या वेळी डोक्याच्या उंचीवर, आणि मी तुमच्या पायांना मिठी मारून किंचाळले, “त्याला मारू नका!”

तुम्ही खाली बघितलंत. माझ्या हनुवटीवरून रक्त तुमच्या पावलावर पडत होतं. “सोड,” म्हणालात. मी सोडलं नाही. त्या दिवशी मी नक्की कुणाला वाचवलं, त्याला की तुम्हाला, हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

चौकीत त्यानं तक्रार दिली. दवाखान्यातून प्लास्टर घालून आला होता, शर्टाची बाही कापलेली. फोनवर त्याची आई मला म्हणत होती, “तू त्याची बायको आहेस ना? मग ठरव.” हवालदार वयस्कर होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

“ओठाला काय झालं?”

“दार लागलं.”

“चावरं दिसतंय दार.” त्यांनी कागद पुढे सरकवला. “लिहून द्या. स्वच्छ अक्षरात.”

तुम्ही समोरच्या बाकावर बसला होतात. मी लिहिलं : ‘घरमालकीण बाई व माझे पती यांच्यात पाण्याच्या टाकीवरून वाद झाला. त्या रागातून त्यांनी माझ्या पतीस विनाकारण मारहाण केली. मला कोणीही मारलेले नाही.’ खाली सही. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर यायचा, आक्का. त्या कागदावर शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

तुम्हाला गाडीत बसवताना मी भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही शिवी द्याल, थुंकाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, “म्हशींना पाणी दाव.”

तुमचा मुलगा दत्ता चाकणहून येऊन जामिनाच्या मागे धावत होता, तरी अकरा दिवस तुम्ही येरवड्याला होतात. मी अकरा दिवस म्हशींना पाणी दाखवलं. थोरलीनं पहिल्याच दिवशी मला दावणीवर ढकलून दिलं. बरगडीत कळ आली आणि बरं वाटलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्याच दिवसांत ऑफिसात माझ्याकडे चेरोकी भाषा आली. आमचं काम काय होतं ते तुम्ही मला दहा वेळा विचारलं असेल. पुन्हा सांगते. फोनवर, कंप्युटरवर ज्या सूचना दिसतात त्या परक्या भाषांत नीट उमटतात की नाही ते आम्ही तपासायचो. अक्षर कापलं जातंय का, अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतोय का, एवढंच. भाषा यावी लागत नाही. चेरोकी ही अमेरिकेतल्या मूळ लोकांची भाषा. तिची पंच्याऐंशी अक्षरं. आपल्या क, का, कि, की सारखीच, पण प्रत्येकाचं चिन्ह वेगळं. तपासून झालेलं काम मी तिकडच्या एका बाईंना पाठवायची. रूथबाई. वय सत्तरच्या पुढे, शिक्षिका होत्या. त्या चुका कळवायच्या आणि पत्राच्या शेवटी दरवेळी दोनच अक्षरं असायची : ᏩᏙ.

मला आधी वाटलं हे त्यांचं नाव असेल. विचारलं, तर उत्तर आलं, “वादो. म्हणजे आभार.”

तुम्हाला हसू येईल, पण मी त्या दोन अक्षरांकडे सगळी दुपार बघत बसले. आपल्याकडे घरच्या माणसाला कोण आभार म्हणतं? ‘आभारी आहे’ व्यासपीठावर म्हणायचं, ‘धन्यवाद’ पाटीवर लिहायचं, आणि उरलेल्या वेळी इंग्रजीत थँक्यू म्हणून मोकळं व्हायचं. तुम्हाला थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, काय गं, दुकानात आलीस का? पण या दोन अक्षरांना माझ्या तोंडची कुठलीच चव लागलेली नव्हती. मी ती कागदावर गिरवली. पहिलं अक्षर इंग्रजी जीला आत शेपटी वळवावी तसं, दुसरं सरळ व्हीसारखं. पानभर गिरवली. मग रूथबाईंना लिहिलं की मला एका बाईंचे आभार मानायचे आहेत, पत्र कसं लिहू?

त्यांनी उलट विचारलं, “कशाबद्दल?”

मी लिहिलं, मदतीबद्दल.

“कसली मदत? नुसते आभार लिहू नकोस. काय केलं ते लिही. ही भाषा बोलली म्हणून माझ्या आजीला शाळेत पट्ट्यानं फोडून काढलं होतं, तोंडात साबण कोंबला होता. ज्याच्यासाठी तिनं मार खाल्ला तो हा शब्द आहे. मोघम वापरू नकोस.”

मग मी इंग्रजीत पाच वाक्यं लिहिली. माझा नवरा मला मारत होता. खालच्या बाईंनी त्याचा हात मोडला. मी त्यांच्याविरुद्ध खोटं लिहून दिलं. त्या तुरुंगात आहेत. मी त्यांची आभारी आहे. आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं ते असं, सात समुद्रांपलीकडच्या अनोळखी बाईला. रूथबाईंनी ती पाच वाक्यं चेरोकीत करून पाठवली आणि प्रत्येक अक्षराखाली उच्चार दिला. मी रोज जेवणाच्या सुट्टीत ती हातानं उतरवायची. चूक झाली की फोटो काढून पाठवायची, त्या सुधारून द्यायच्या. आठवडा लागला. शेवटी एक पान असं झालं की त्यावर त्यांनी लिहिलं, “आता दे.”

तुम्ही आत होतात तेव्हा नितीन घरीच होता. आठव्या दिवशी त्यानं मला पुन्हा मारलं, प्लास्टरच्या हातानं. प्लास्टर फार लागतं, आक्का. नुसता हात निदान आपल्याबरोबर दबतो. त्याच्या प्लास्टरला भेग गेली, तर तीही माझ्याचमुळे गेली म्हणाला.

बाराव्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. दत्ता रिक्षातून सोडून गेला. तुम्ही आंघोळ केलीत, गोठ्यात गेलात, थोरलीच्या पाठीवरून हात फिरवलात. मी ते पान घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही ते उलटंसुलटं करून बघितलंत.

“इंग्लिश हाय व्हय?”

“नाही. दुसरी भाषा आहे. अमेरिकेतल्या लोकांची.”

“काय लिव्हलंय?”

“वाचून दाखवते,” म्हणाले, आणि ते उच्चार एकेक करून वाचले. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. मग कागद घडी करून माझ्या हातात परत दिलात.

“चौकीत लिव्हलंस ते त्येंनी मला वाचून दावलं. ते मराठीत व्हतं. समदं कळलं मला. आन् आता जे लिव्हलंस ते मला कळू नये आसल्या भाषेत व्हय गं?”

आणि तुम्ही मला मारलंत. उघड्या हातानं, कानाखाली. टाके असलेला ओठ पुन्हा फाटला. तुमचा हात नितीनच्या हातापेक्षा जड होता, हे मी आज लिहिलं नाही तर रूथबाईंनी शिकवलेलं सगळं वाया गेलं.

मी वर गेले नाही. तोंडावर ओढणी दाबून तशीच चालत चौकीत गेले. तेच हवालदार होते.

“आधीचं खोटं होतं असं लिहून द्यायचंय.”

त्यांनी चष्मा काढला. “तुमच्यावरच उलटेल हे. कळतंय ना?”

“कळतंय.”

“आज पुन्हा दार का?”

“नाही. आज आक्कांनी मारलं. पण ते नाही लिहायचं. त्याच्याआधीचं लिहायचंय.”

त्यांनी कागद आणि पेन दिलं. मी दोन तास लिहीत होते. पंखा, खिडक्या, साबण, ओटा, दूध. कोणत्या दिवशी कुठे. शेवटी लिहिलं, ‘वाद पाण्याच्या टाकीवरून नव्हता. या बाई आल्या नसत्या तर मी मेले असते. मी त्यांची आभारी आहे.’ हवालदार म्हणाले, “जबाबात आभार लिहीत नाहीत, बाई.” मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी राहू दिलं.

पुढची चार वर्षं सगळ्यांना माहीत आहेत. कोर्टाच्या तारखा, उलटतपासणीत मला दोन्ही कागद वाचायला लावून कोणता खोटा असं विचारणारे त्याचे वकील, घटस्फोट, आणि शेवटी समझोत्यात मिटलेला तुमच्यावरचा खटला. नितीन घर सोडून गेला आणि मी तुमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले. रूथबाईंना मी त्या चापटीबद्दल कळवलं होतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं : “तुझ्या आक्कांचं बरोबर आहे.” ते वाचून दाखवलं तर तुम्ही खूश झालात. “शानी बाई हाय,” म्हणालात.

आपण भांडायचो मात्र रोज. तुमचं म्हणणं, हाताला हातच कळतो. माझं म्हणणं, मग मी चौकीत काय झक मारायला गेले? “माझ्या कानाखालीमुळं गेलीस,” तुम्ही म्हणायचात. मला तुम्ही वाचवलंत ते मारूनच, आणि शहाणं केलंत तेही मारूनच, आणि तरीही हे बरोबर आहे असं माझ्याच्यानं म्हणवत नाही.

दोन वर्षांपूर्वी गोठ्यात धार काढताना मी सहज विचारलं, “आक्का, त्या दिवशी तुम्हाला खाली कसं कळलं? मी ओरडलेसुद्धा नव्हते.”

तुम्ही हात थांबवला नाहीत. “वराडणाऱ्याचा आवाज मला कळत न्हाई. मारणाऱ्याचा कळतो. माझाच हाय तो.”

मग सांगितलंत. सुनंदाचं, तुमच्या सुनेचं. ती या घरात सहा वर्षं होती. तिला हातानं, लाटण्यानं, जे सापडेल त्यानं मारायचात. “येकदा चिमटा तापवून दंडावर ठिवला. येकदाच. दत्त्या तिला घेऊन गेला त्ये बराबर केलं त्येनं.”

मी बादली तिथंच ठेवून निघाले. महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही माझ्या दाराशी दुधाचं भांडं ठेवायचात, मी ते तसंच परत ठेवायची. एक दिवस तुम्हीच दारात उभ्या राहिलात. “बोलू नकोस. पर दूध घे, नासतंय.” मी घेतलं. आपण पुन्हा बोलायला लागलो, भांडायलाही लागलो, पण सुनंदाचं नाव दोघींनी पुन्हा काढलं नाही. मला विचारायचं होतं, तिच्यासमोर कधी गेलात का? तिला काही म्हणालात का? विचारलं नाही. तुम्ही सांगितलं असतंत अशी मला भीती वाटत होती.

आणि मग पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही गोठ्यात पडलात, डोकं दगडी कठड्यावर आपटलं. दवाखान्यात तीन दिवस शुद्धीवर आला नाहीत. तुमचा चेहरा एका बाजूनं काळानिळा झाला होता. मी तसा चेहरा ओळखते. मी तुमचा हात धरून मराठीत जे म्हणायचं ते सगळं म्हणाले, कशाबद्दल तेही. तुमची बोटं हलली नाहीत.

काल सुनंदा आली. मी तिला पहिल्यांदाच बघितलं. बारीक, ताठ, बोलायला कमी. खोली आवरत होती. तुमची लुगडी घडी करून एका बाजूला ठेवत होती, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मी चहा नेला. न राहवून म्हणाले, “त्यांनी माझा जीव वाचवला होता.”

“माहितीये. ह्यांनी सांगितलं.” तिनं पुढचं लुगडं उचललं. “माझ्या वेळी खाली राहणारं कुणी नव्हतं.”

मी सांगितलं की मी त्यांच्यावर लिहिते आहे. ती म्हणाली, “देवमाणूस वगैरे लिहू नका.” मी म्हटलं, तसं लिहिलेलं नाही, ऐका. आणि तिला हे इथवर वाचून दाखवलं. फावडं, चौकी, येरवडा, कानाखाली, सगळं. गोठ्यातल्या बोलण्यापर्यंत आले, ‘येकदाच’ वाचलं. तिनं हातातली घडी खाली ठेवली.

“एकदाच म्हणाल्या?”

“हो.”

तिनं डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केली. खिडकीतून ऊन येत होतं, स्पष्ट दिसत होतं. “मोजा,” म्हणाली.

मी मोजले.

“ते बदला,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “त्यांचं बोलणं त्यांचं आहे, ते बदलत नाही. पण तुमचं लिहिते.” तिनं मान डोलावली, बाही खाली केली आणि उरलेला चहा प्यायली.

आक्का, तीन डाग आहेत.